गोचिडाला कोंब फुटला

"या वीरभद्रप्पाला आजवर कुणी फसवलेलं न्हाई, आन् यापुढं कुणी फसवणार न्हाई," असं हळ्ळीखेडच्या बाजारकट्ट्यावरून, लाउडस्पीकरवर, निम्म्या गावासमोर वीरभद्रप्पांनी जाहीर केलं. "मिसरूड फुटायच्या आधीपासून मी आडतीवर बसतो. करडई, जवस, कारळ, एरंडी, कायबी आणा. मुठीत धरलं की कुठल्या शिवारातलं ते सांगतो. तो मी, माझ्या या दोन डोळ्यांनी बघून सांगायलोय. परातीत पडले ते गोचीडच हायेत."

हे सांगताना त्यांचा चष्मा कपाळावर होता.

पण गर्दीला चष्म्याशी काय करायचं होतं? वीरभद्रप्पांचा शब्द म्हणजे वजनकाट्याचा शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल उंच धरले, आणि कट्ट्याच्या मधोमध बसलेल्या हरिओमबाबांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटण्यात बाबांचा हातखंडा होता. पुढच्यालाही मिटायची इच्छा व्हायची.

बाबा मूळचे कुठले हे कुणाला ठाऊक नव्हतं. चिंताकी गावचे लोक त्यांना करजगीचे समजत, करजगीचे लोक चिंताकीचे समजत, आणि दोन्हीकडचे त्यांना परत बोलवत नसत. गावांचा हा घोळ हळ्ळीखेडात सगळ्यांना माहीत होता. परत का बोलवत नाहीत, याची चौकशी कुणी केली नव्हती.

बाबांची विद्या कुत्र्यांपुरती होती. माणसांचे बाबा गल्लोगल्ली झालेत, आणि माणूस बरा झाला नाही तर तक्रार करतो. कुत्रं करत नाही. शिवाय पावसाळा उतरला की या भागात कुत्र्यांच्या कानात, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात गोचीड असे लटकतात की कुत्रं आहे का घोस आहे ते कळू नये. म्हणजे गिऱ्हाईक दारोदार बसलेलं.

कुत्र्याला कट्ट्यावर उभं करायचं. त्याच्याखाली पितळी परात. अंगावर बाबांची काळी घोंगडी. वरून मोरपिसांचा कुंचा फिरायचा, बाबा दुसरा हात घोंगडीत घालून कुत्र्याच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत ओढायचे, आणि परातीत टप टप आवाज सुरू व्हायचा. वाकून पाहावं तर राखाडी, टरारून फुगलेले, तेलकट गोचीड. परातीला हात लावायची बंदी. "ज्याचा हात लागंल, त्याच्या अंगात शिरंल," असं बाबा सांगत, आणि हे सांगताना स्वतः ते मुठीनं उचलत.

"भक्तहो, लोकरीला कानडीत काय म्हणतात?" बाबा विचारायचे.

"उण्णे," गर्दी म्हणायची.

"आन् गोचिडाला काय म्हणतात?"

"उण्णे."

"मग? देवानं दोघांला एकच नाव उगं ठेवलंय व्हय? घोंगडीतलं उण्णे हाक मारतं, कुत्र्याच्या अंगावरलं उण्णे धावत येतं. भाऊ भावाला वळखतो."

गर्दीत बहुतेकांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यामुळे हा पुरावा त्यांना दोनदा पटला.

मग परात शेजारच्या अग्निकुंडात रिकामी व्हायची. चर्र आवाज, पिवळीधमक ज्वाळा. "विष जळायलंय बघा. आता सुईवाल्याकडं जाऊ नका. सुई टोचली की राहिलेला गोचीड उलटा आत शिरतो आन् काळजाला चिकटतो." पैसे बाबा घेत नसत. धान्य, गूळ, आणि दिव्याला तेल चालायचं.

वीरभद्रप्पांचा जमादार हा दुकानाचा कुत्रा. पोत्यांच्या थप्पीवर झोपायचा, रात्री गावाला जागं ठेवायचा. वीरभद्रप्पा पोराशी बोलले नसतील इतकं त्याच्याशी बोलत; पोरगा हैदराबादेत होता आणि फोनवर नेहमी घाईत असे. हा जमादार गेल्या काही दिवसांत भाकरी हुंगून सोडून द्यायला लागला होता. उठायचा, दोन पावलं टाकायचा, आणि आपण कशाला उठलो ते विसरल्यासारखा बसायचा.

"डॉक्टरीणबाईला बोलवा," उमादेवींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तेव्हाच सांगितलं होतं. "कालवडीला बघाय आली होती ती पल्लवी डॉक्टर. चांगली हाय."

"कुत्र्यासाठी डॉक्टर? गाव हसंल की."

गाव हसू नये म्हणून वीरभद्रप्पांनी जमादारला बाजारकट्ट्यावर, निम्म्या गावासमोर, घोंगडीखाली उभं केलं.

त्यांचा मान मोठा, म्हणून बाबांनी त्यांच्या कुत्र्याचे गोचीड कुंडात टाकले नाहीत. पळसाच्या पानात बांधून त्यांच्या हाती दिले. "घरच्या आगीत घाला. घराचंबी विष जाईल. पुडी उघडू नका."

घरी उमादेवींनी पुडी पाहिली आणि गॅससमोर आडव्या उभ्या राहिल्या. "त्या शेगडीवर उद्या भाकरी भाजायची हाय मला."

"मग काय करू?"

"तुमचा बाबा. तुमीच सांगा."

वीरभद्रप्पांनी विचार केला. त्यांना अडचणीतून लिंगायत धर्मानं काढलं. "आपल्यात जाळत न्हाईत," ते म्हणाले. "आपल्यात मातीत देतात."

"ते माणसाला."

"त्यांनी जमादाराचं रक्त पिलंय. जमादार घरातला. म्हंजे हेबी घरातलेच झाले."

"मग विभूती लावून बसवा की पालखीत," असं म्हणून उमादेवी आत गेल्या. वीरभद्रप्पांनी परसात मोगऱ्याच्या आळ्यातली भुसभुशीत माती उकरली, पुडी न उघडता पुरली आणि हात जोडले. बाबांनी आग सांगितली होती, हे त्यांना जरा टोचत होतं. पण आपल्या रीतीपुढं बाबांची रीत काय, असंही वाटत होतं. बाबांच्या हिशेबानं चूक त्यांच्याकडून झाली ती एवढीच, आणि सगळ्या प्रकरणात त्यांनी शहाणपणाचं काही केलं असेल तर तेही एवढंच.

संध्याकाळी जमादार वाटीभर दूध प्याला. तापात माणूससुद्धा एखाद्या संध्याकाळी उठून चहा मागतो. पण वीरभद्रप्पांनी ते दूध दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

गौरम्माआजी वेशीपलीकडं राहत. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, दोन शेळ्या आणि राखणीला राणी नावाची कुत्री. राणीनंही खाणं सोडलं होतं, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. गौरम्मा तिला पोत्यात गुंडाळून ऑटोत बसल्या होत्या, हुमनाबादच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला. ऑटो दुकानासमोरून जात असताना वीरभद्रप्पांनी हात करून थांबवला.

"कामून जायलीस आजी एवढ्या लांब? गावात बाबा हाय की. माझा जमादार दूध प्याला."

"तू बघितलास व्हय वीरभद्रा, गोचीड पडताना?"

"बघितलो म्हंजे? मी माईकवर बोललो की."

गौरम्मांनी ऑटो वळवला.

राणी पुढच्या बाजाराच्या आत गेली. वीरभद्रप्पा भेटायला गेले तेव्हा गौरम्मा शेळीच्या दाव्याला गाठ मारत होत्या. गाठ ओढून पाहून म्हणाल्या, "तू म्हणालास म्हणून वळले." त्यात राग असता तर वीरभद्रप्पांना बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. परतताना त्यांनी मनात दहा उत्तरं जुळवली. आयुष्य संपलं होतं, बाबांच्या हातात सगळं नसतं, श्रद्धा कमी पडली असंल. घर येईपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही.

घरात जमादार जमिनीवर नाक टेकून पडला होता, आणि नाकाखालच्या फरशीवर रक्ताचा ओघळ होता.

"डॉक्टरीणबाईला फोन केलाय मी," उमादेवी परसातून म्हणाल्या. "येतो म्हणाली. अवं, जरा इकडं या. तुमच्या गोचिडाला कोंब फुटलाय."

"काय?"

"या तर."

मोगऱ्याच्या आळ्यात, उमादेवी रोज तांब्यानं पाणी घालत त्या ओल्या मातीत, जाडजूड तांबूस देठांचे कोंब मान वर काढून उभे होते. एकाचं टरफल अजून टोकाला टोपीसारखं अडकलेलं. पळसाचं पान खाली कुजलं होतं.

वीरभद्रप्पा उकिडवे बसले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. टरफल काढून अंगठ्यानं पुसलं. वरची राख निघाली, तेल निघालं, आणि खाली तपकिरी चट्ट्यापट्ट्यांची, टोकाला छोटी गाठ असलेली, जन्मभर मुठीत धरलेली एरंडी निघाली.

त्यांना शिवारसुद्धा कळलं. ही एरंडी त्यांच्याच दुकानातली होती. बाबांचा शिष्य आला होता, "दिव्यासाठी" म्हणाला होता, आणि देवाच्या कामाला म्हणून वीरभद्रप्पांनी निवडक मालाचं पोतं आपल्या हातानं त्याच्या गाडीवर चढवलं होतं. फुकट. परातीत टप टप पडत होता तो चमत्कार त्यांच्याच गोदामातून गेला होता. कुंडातल्या पिवळ्याधमक ज्वाळेत विष जळत नव्हतं. तेल जळत होतं, तेही पहिल्या प्रतीचं. गावाच्या नावापुढं सरकारनं कंसात इंग्रजी 'बी' लिहून ठेवलं आहे, आणि त्या गावातल्या सगळ्यात मोठ्या बियाच्या व्यापाऱ्याला परातीतलं बी ओळखता आलं नव्हतं.

त्यांचा हात कोंबाकडं गेला.

"उपटू नका," उमादेवी म्हणाल्या.

"तण हाय."

"मला ठाऊक हाय काय हाय ते. एरंडाचं झाड मीबी वळखते. उपटू नका."

पल्लवी डॉक्टर स्कूटीवरून आल्या. तरुण होत्या, औरादकडच्या, बोलण्यात जराशी तेलुगूची लय. त्यांनी जमादारचा ओठ वर केला, पांढऱ्याफटक हिरडीवर बोट दाबलं, ताप पाहिला, रक्त घेतलं. मग मांडीवर त्याचं डोकं ठेवून कान उलटा केला.

"आप्पा, हे बघा."

कानाच्या घडीत गोचीड होते. डझनानं. बाबांच्या कुंच्यानं त्यांचा एक पायही हलला नव्हता. डॉक्टरांनी बारीक चिमट्यानं एकाला कातडीलगत धरलं, पीळ न देता सरळ ओढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. त्याला पाय होते. ते कागदावरून वीरभद्रप्पांच्या बोटाकडं निघाले.

"परातीतल्यांना पाय होते का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी गावातलं ऐकलं होतं.

वीरभद्रप्पांनी खिशातलं टरफल काढून गोचिडाशेजारी ठेवलं. डॉक्टरांनी दोन्हीकडं पाहिलं. हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. वीरभद्रप्पांना ते जास्त लागलं.

"रक्त पिताना गोचीड आपल्या तोंडातला रोग कुत्र्याच्या रक्तात सोडतो," त्या म्हणाल्या. "म्हणून ताप, म्हणून हे नाकातून रक्त. लवकर आणलं तर गोळ्यांनी बहुतेक बरं होतं. पण गोळ्या पुऱ्या द्याव्या लागतात, दूध प्याला म्हणून सोडायच्या न्हाईत. आन् नुसतं कुत्र्यावरचं काढून भागत न्हाई. हा झोपतो कुठं?"

"पोत्यावर. दुकानात."

"मग पोत्यांत, भिंतीच्या फटीत त्यांची अंडी असणार. ते झाडून, फवारून घ्या. मानेवर औषध, सांगते त्या तारखेला, चुकवायचं न्हाई. बाहेरून आला की रोज हात फिरवायचा. कान, बगल, शेपटीखाली, बोटांत. रॉकेल टाकू नका, काडीनं जाळू नका, नखानं चिरडू नका."

"वाचंल का?"

"उशीर झालाय, आप्पा. बघू."

"एक इचारू? वेशीपलीकडल्या म्हातारीची कुत्री... तीबी वाचली असती?"

डॉक्टर पिशवी आवरत होत्या. "लवकर आणली असती तर. बहुतेक," त्या म्हणाल्या. आणि आपण काय बोललो हे वीरभद्रप्पांच्या तोंडाकडं पाहून कळल्यावर त्यांनी पिशवी पुन्हा उगाचच उघडली.

त्या रात्री जेवण झालं नाही. वीरभद्रप्पा म्हणाले, "बाबाला मी एकट्यात गाठतो. गाव सोड म्हणून सांगतो. गुमान जाईल."

"आन् गौरम्माला काय सांगता? एकट्यात?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"माईकवर म्हणालाव न्हवं," उमादेवी ताट उचलता उचलता म्हणाल्या, "मग माईकवरच सांगा."

बाजाराच्या दिवशी कट्टा भरला होता. वीरभद्रप्पा डालड्याच्या जुन्या डब्यात मातीसकट कोंब घेऊन आले. लोकांनी वाट दिली. मोठा भक्त, काहीतरी नैवेद्य आणला असेल. पुढं आल्यावर त्यांना दिसलं की कट्ट्याच्या पायरीवर पहिल्या नंबराला गौरम्मा बसल्या आहेत. मांडीवर कुणीतरी दिलेलं तांबडं पिल्लू.

"आजी, तू इथं कशाला?"

"पिल्लाच्या कानात आल्यात," गौरम्मा म्हणाल्या. "तू म्हणालास न्हवं, बाबाच खरा."

राणी गेली होती, तरी वीरभद्रप्पांचा शब्द गेला नव्हता. ते डबा सावरत कट्टा चढले.

बाबांनी घोंगडी पसरली होती. एका बिचाऱ्या कुत्र्याखाली परातीत टप टप सुरू होतं.

"बाबा, परातीला हात लावू?" वीरभद्रप्पांनी माईक हातात घेऊन विचारलं.

"अंगात शिरंल, आप्पा."

"शिरू द्या. वय झालंय, लई दिवस राहायचं न्हाई त्याला." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, परातीतून एक उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून फोडला. "गोचीड फोडला तर काय निघतं?"

"रक्त," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"हे बघा. पांढरा गर. तेल. ही एरंडी हाय. मी पुरली तिला कोंब आलाय, हा बघा डब्यात. गोचीड मातीत घातला तर उगवत न्हाई, एवढं तरी आपल्या गावाला ठाऊक असंल." मग त्यांनी घोंगडीचा काठ धरला. बाबा काठ सोडेनात. थोडा वेळ दोघं दोन टोकांनी ओढत राहिले, आणि काठाच्या आतून शिवलेला खिसा उसवला. एरंडी सगळ्या कट्ट्यावर घरंगळली. एक शेळी पुढं आली, तिला मालकानं घाईनं मागं ओढलं. एरंडी जनावराच्या पोटात गेली तर जीव जातो, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

बाबांनी डोळे मिटले. "श्रद्धा डळमळली," ते म्हणाले, "की देवाचा गोचीड एरंडी होतो."

"मग परत गोचीड करून दाखवा," मागून एक बाई म्हणाली. "मी श्रद्धा ठेवते."

लोक हसले. बाबांनी या प्रश्नावर बराच वेळ ध्यान केलं, आणि ध्यानातच परात, कुंचा आणि गुळाची ढेप गोळा केली. घोंगडी तेवढी राहिली. उसवलेली होती.

हसू थांबल्यावर वीरभद्रप्पांच्या हातात माईक तसाच होता.

"हसू नका," ते म्हणाले. "बाबानं तुमाला फसवलं न्हाई. तुमी बाबाचं कुठं ऐकत होताव? तुमी माझं ऐकलाव. ही एरंडी माझ्या दुकानातली. मी दिली, मीच परातीत बघितली, आन् मीच गोचीड म्हणालो. चष्मा कपाळावर होता माझा. न्हाई, चष्म्यावर कशाला ढकलू. मला बघायचंच न्हव्हतं. सगळं गाव बघायलंय म्हणल्यावर मी कशाला बघू, असं वाटलं. आन् सगळ्या गावाला वाटलं, वीरभद्रप्पा बघायलाय." त्यांनी पायरीकडं हात केला. "गौरम्माआजी दवाखान्याला निघाली होती. तिचा ऑटो मी थांबवलो. बाबानं न्हाई."

कुणी मोबाइल खाली केला. बाकीच्यांनी केले नाहीत.

"माझा जमादार घरात पडलाय. गोळ्या चालू हायेत. वाचंल का, डॉक्टरीणबाईलाबी सांगता येईना. तुमच्या कुत्र्यांला घेऊन जावा. आजच जावा. आन् उद्या कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच करा. हात लावून बघा. फोडून बघा. पुसून बघा. जो बघू देत न्हाई, त्याला इचारा, कामून बघू देत न्हाईस? मी म्हणालो तरी ऐकू नका. माझंबी बघा. बापानं, गुरूनं, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून न्हाई. डोळं हायेत म्हणून बघायचं. माणसाला इचार दिलाय तो..."

इथं ते अडले. भाषण मोठं होत चाललं होतं आणि ते त्यांना आवडायला लागलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पायरीवर गौरम्मांनी पिल्लाचा कान उलटा धरला होता आणि डोळे बारीक करून त्यात पाहत होत्या. वीरभद्रप्पांनी खिशातून डॉक्टरांकडून मागून घेतलेला बारीक चिमटा काढला, खाली वाकून त्यांच्यापुढं धरला, आणि म्हणायला हवं होतं ते म्हणायला तोंड उघडलं.

गौरम्मांनी चिमटा घेतला.

"वीरभद्रा," त्या वर न बघता म्हणाल्या, "बोलणं झालं असंल तर जरा बाजूला सरक. उजेड अडवायलास."